झिवानाच्या गाडीचं अर्थिंग

झिवानाने मागची सीट आडवी पाडून त्यावर तिमजली केक ठेवला, तो स्टँडसकट हलू नये म्हणून चारी बाजूंनी उशा कोंबल्या, आरशात बघून केस सारखे केले आणि गाडी चालू केली. गाडी पहिल्याच झटक्यात चालू झाली. या म्हातारीकडून एवढी अपेक्षा नव्हती, म्हणून तिने स्टिअरिंगला कौतुकाने थोपटलं. मग वायपरचा दांडा खाली ओढला.

काही नाही.

पुन्हा ओढला. वर ढकलला. शेवटी पोराचा कान पिळावा तसा पिळला. वायपर काचेच्या तळाशी मेल्यासारखे पडून राहिले आणि काचेवरून पाण्याचे पाट वाहत राहिले.

जूनमधला पाऊस होता, पण पडत होता नोव्हेंबरसारखा. रास्पबेरीच्या मळ्यांत आज कुणी फिरकलं नव्हतं, समोरचा डोंगर सकाळपासून गायब होता, आणि नेमका त्याच डोंगरापलीकडे, इवान्यित्सात, झिवानाच्या बहिणीची नात तियाना आज लग्नाला उभी राहणार होती. चर्च दुपारी, जेवण त्यानंतर, आणि जेवणानंतर केक. आख्ख्या घराण्यात केक करावा तर झिवानानेच, हे इतकं ठरलेलं होतं की बहिणीने दुसरीकडे विचारलंसुद्धा नव्हतं.

झिवानाने हॉर्नवर हात ठेवला आणि तो उचललाच नाही.

तिच्या घराच्या डाव्या अंगाला ओब्रादचं घर, उजव्या अंगाला मिलेंकोचं. दोघेही तिचे धाकटे दीर. तिचा नवरा ल्युबिसाव सगळ्यांत थोरला. तो गेल्यावर दोघांनी तिला काही कमी पडू दिलं नाही. लाकडं फोडून दिली, कौलं शेकारली, डुक्कर कापायच्या वेळी हाताशी उभे राहिले. फक्त एकाच वेळी कधी आले नाहीत. सहा वर्षांपासून दोघांत बोलणं नव्हतं. कारण म्हणाल तर दारू गाळायची तांब्याची भट्टी. बापाच्या वेळची, दोघांच्या सामाईकीची. मिलेंकोने ती न विचारता मित्राला दिली, मित्राने बूड करपवून परत केली, आणि त्या वर्षीच्या प्लमच्या राकियाला धुराचा वास आला. मिलेंको म्हणाला, वास येत नाही. ओब्राद चारचौघांत म्हणाला, तुझं नाक गेलंय, तुझं डोकं तर कधीचंच गेलंय. तेव्हापासून डिसेंबरात संत निकोलसच्या सणाला दोन घरांत दोन पंगती बसत आणि झिवाना दोन्हीकडे मासा खाई. कमी खाल्ला की एकाला वाटे, दुसऱ्याकडे जास्त खाल्ला.

आजच्या लग्नाचंही तेच. ओब्राद म्हणाला, तो येणार असेल तर मी येत नाही. मिलेंको म्हणाला, तो येणार असेल तर मी तर मुळीच येत नाही. त्यांच्या बायका अशा गोष्टींना विटल्या होत्या. "नका येऊ," असं म्हणून दोघी सकाळीच दोन गाड्या घेऊन निघूनही गेल्या. त्यामुळे आता गावाच्या या टोकाला एक बंद पडलेला वायपर, एक केक आणि दोन रुसलेले म्हातारे एवढंच उरलं होतं.

हॉर्न ऐकून दोघेही बाहेर आले. ओब्राद सपाता घालून, छत्री धरून. मिलेंको गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून, डोक्यावर खताचं रिकामं पोतं घेऊन. अंगणात मध्यावर आल्यावर त्यांनी एकमेकांना बघितलं आणि दोघेही थबकले.

"परत जायचा विचारसुद्धा करू नका," झिवाना खिडकीतून ओरडली. "वायपर मेलाय. जो परत जाईल त्याच्याकडे मी सणाला पाऊल टाकणार नाही!"

धमकी जालीम होती. दोघांनी मुकाट्याने ढकलत ढकलत गाडी गवताच्या छपराखाली आणली. एकाने डावीकडून ढकललं, दुसऱ्याने उजवीकडून.

ओब्राद जन्मभर वीज कंपनीत होता. त्याच्याकडे ऑस्ट्रियात, ग्राझला राहणाऱ्या मुलाने पाठवलेला मीटर होता, पिवळा, आकडे दाखवणारा, मऊ पिशवीतला. मिलेंको जन्मभर बस चालवत आला. त्याच्याकडे होता बसच्या इंडिकेटरचा एक बल्ब आणि त्याला डाग दिलेल्या दोन वायरी. या बल्बच्या जोरावर त्याने अर्ध्या सर्बियातल्या घाटांत बस पुन्हा चालू केली होती, असं तो स्वतः सांगे.

ओब्रादने बोनेट उघडलं. मिलेंको डॅशबोर्डखाली फ्यूजच्या डबीशी वाकला. दोघांमध्ये हातभराचं अंतर आणि एक पत्रा.

"वहिनी," ओब्राद म्हणाला, "त्याला विचार, फ्यूज बघितला का."

"फ्यूज बघितला का रे?" झिवानाने विचारलं.

"वहिनी, त्याला सांग, मी सकाळी उठल्यावर आधी फ्यूज बघतो, मग तोंड धुतो. फ्यूज चांगला आहे. दिवा लागतोय दोन्ही बाजूंना."

"फ्यूज चांगला आहे म्हणतो."

"ऐकलं मी. बहिरा नाही."

"मग मला कशाला मध्ये घालता?"

दोघेही कामाला लागले. ओब्रादने वायपरच्या मोटरला जाणारा प्लग उपसून काढला. "वहिनी, दांडा ओढ." तिने ओढला. त्याने मीटरची लाल तार प्लगमध्ये खुपसली आणि चष्मा कपाळावर सरकवून आकडा वाचला. वाचला तो असा, की जणू स्वतःच तो आकडा शोधून काढला होता.

"बारा व्होल्ट. वीज मोटरपर्यंत येतेय. तरी मोटर फिरत नाही. म्हणजे मोटर जळाली. वहिनी, वाईट वाटतं सांगायला, पण मोटर गेली."

झिवानाने घड्याळ बघितलं. मोटर आता, शनिवारी, या पावसात, कुठून आणायची?

"वहिनी," डॅशबोर्डखालून आवाज आला, "त्याला विचार, मीटरची काळी तार कुठे टेकवली होती."

"बॅटरीला टेकवली," ओब्राद छपराकडे बघत म्हणाला. "मग काय माझ्या नाकाला टेकवू?"

"वहिनी, त्याला सांग, मोटर काही बॅटरीच्या मांडीवर बसलेली नाही. तिची परत जाणारी वायर वेगळी आहे. त्याच प्लगमध्ये आहे, शेजारीच. तिथे टेकव म्हणावं काळी तार."

ओब्रादने काळी तार बॅटरीवरच ठेवली. तेव्हा मिलेंको कण्हत कण्हत बाहेर आला, बोनेटपाशी गेला, आणि भावाकडे न बघता आपला बल्ब पुढे केला. एक वायर प्लगमधल्या विजेच्या पिनेला, दुसरी गाडीच्या उघड्या लोखंडाला. बल्ब लख्ख पेटला. मग दुसरी वायर त्याने लोखंडावरून उचलून प्लगमधल्या शेजारच्या पिनेला लावली. बल्ब विझला.

"बघ वहिनी. नळाला पाणी आहे, मोरी तुंबलीय. वीज येते, पण तिला परत जायला वाट नाही. अर्थिंग गेलंय. मोटर बिचारी ठणठणीत आहे."

ओब्रादने आपल्या मीटरने तेच करून बघितलं. मीटरवर शून्य आलं. त्याने मीटर हलवून बघितला. तरी शून्य.

"वहिनी," तो घसा खाकरून म्हणाला, "त्याला सांग... असू शकतं तसं."

सहा वर्षांत ओब्रादने मिलेंकोच्या बाजूने उच्चारलेलं हे पहिलं वाक्य. झिवानाने ते शब्दशः पोचवलं, उगाच दोनदा.

मग ती वायर शोधायची होती. ओब्राद बोनेटच्या बाजूने बोटाने माग काढत आला, मिलेंको आतल्या बाजूने. पत्र्यातल्या भोकातून वायर आत शिरत होती आणि हातमोजे ठेवायच्या कप्प्यामागून खाली उतरत होती. मिलेंको शेजारच्या सीटखाली डोकं खाली, पाय वर अशा अवस्थेत शिरला. त्याचे रबरी बूट दारातून बाहेर टपटपत राहिले.

"सापडली!" तो ओरडला. "नुसती लोंबकळतेय! टोकाची चकती शाबूत, मागे पत्र्यात भोक आहे, पण बोल्टच नाही! आणि पडलेला नाही हं. कुणीतरी काढलाय. रंगावर पान्याचे ताजे ओरखडे आहेत!"

झिवानाने आरशात मागच्या केककडे बघितलं.

परवा केकच्या स्टँडचा मधला दांडा तळाशी डगमगत होता. त्याचा बोल्ट हरवला होता. घरात जेवढे बोल्ट होते ते सगळे एकतर जाडे निघाले नाहीतर बारीक. मग केसांची पिन शोधायला ती गाडीत वाकली, तर कप्प्याखाली एक बोल्ट दिसला. एक काळपट वायर धरून उगाच बसलेला. कुणाच्याच उपयोगाचा न दिसणारा. तिने पाना आणला, बोल्ट काढला, आणि तो स्टँडमध्ये असा बसला, जणू तिथेच जन्मला होता. तेव्हा ऊन होतं. वायपरचा विचार कुणाच्या डोक्यात येणार?

तो बोल्ट आता तिच्या पाठीमागे होता, आणि त्याच्यावर तीन मजले अक्रोड, क्रीम आणि साखरेचे गुलाब उभे होते.

ती तोंड उघडणारच होती. पण तेवढ्यात मिलेंको डोकं बाहेर काढून म्हणाला, "वहिनी, त्याला विचार, ईस्टरला या गाडीत रेडिओ कुणी बसवला."

आणि ओब्राद छत्री खाली टाकून थेट त्याच्या अंगावर गेला. "रेडिओ मी वरती बसवला! वरती! तुला वर-खाली कळतं का? आणि हिवाळ्यात हीटर कुणी उघडला होता? तू!"

"मी? मी हीटर जसा उघडला तसा बंद केला!"

"तू आयुष्यात एक वस्तू जशीच्या तशी बंद केलेली मला दाखव! तुला नुसतं उघडता येतं. बापाची भट्टी दिलीस, कुणाला दिलीस, त्या दारुड्याला!"

"दारुड्याला नाही तर काय पाद्र्याला देऊ? भट्टी आहे ती! आणि राकियाला वास नव्हता!"

"धुराडं पिल्यासारखं लागत होतं!"

"मग एक पिंप संपवलंस कसं रे?"

"रागाने!"

झिवानाने तोंड मिटून घेतलं. सहा वर्षांनी ते एकमेकांना 'तू' म्हणत होते. थुंकी उडवत, हात नाचवत, छपरावरच्या पावसाहून मोठ्या आवाजात, पण एकमेकांना. यात आता बोल्टचं सत्य घालणं म्हणजे पेटत्या चुलीत पाणी ओतण्यासारखं होतं. आरशात दिसणाऱ्या साखरेच्या गुलाबांकडे बघायचं मात्र तिने टाळलं.

भांडण ऐन रंगात असताना ती म्हणाली, "अरे, चर्चची वेळ झाली."

मिलेंको धावत जाऊन खिळे-स्क्रूंचा डबा घेऊन आला. एकही बोल्ट बसेना. आटे निराळे, जाडी निराळी. ओब्रादनेही आपल्याकडचे आणून बघितले. मग मिलेंकोने वायरची चकती पकडीत धरून पत्र्याच्या उघड्या भागावर दाबली. वायपर दचकून उठले आणि काच पुसू लागले. पकड काढली, थांबले. दाबली, चालले. तारेने बांधून बघितलं, तर पहिल्याच हिसक्याला सुटलं.

कुणीतरी वाटभर पकड दाबून बसायला हवं, हे तिघांनाही दिसत होतं.

"मी तर जायचं नाही असं ठरवलं होतं," मिलेंको म्हणाला.

"मीही," ओब्राद म्हणाला.

"तू कशाला येतोस मग? तुझं काय काम?"

"केक कोण धरणार? तुझा बाप?"

"आपला," मिलेंको म्हणाला. यावर ओब्राद सपाता बदलायला गेला.

अशा रीतीने वरात निघाली. झिवाना स्टिअरिंगवर, निळ्या रेशमी पोशाखात. ओब्राद मागे, आडव्या सीटच्या कडेला दुमडून बसलेला, दोन्ही हातांनी केकचं स्टँड मिठीत घेतलेला. आणि मिलेंको, नव्वद-शंभर किलोंचा मिलेंको, पुढच्या सीटवर नव्हे तर सीटच्या खाली, पाय ठेवायच्या जागेत, गुडघे हनुवटीला लावून, कप्प्याखाली हात घालून पकड दाबत.

सपाटीवर ठीक चाललं. घाट सुरू झाला तसं मिलेंकोच्या डोक्यात भट्टी पुन्हा पेटली.

"वास म्हणे! अरे, त्या वर्षी प्लमच तसे होते. गारपिटीने..." असं म्हणत त्याने गारपीट हाताने दाखवली.

वायपर काचेच्या मध्यावर थांबले. रस्ता नाहीसा झाला.

"हात!" झिवाना किंचाळली.

हात परत गेला. रस्ता परत आला. थोडं वर गेल्यावर ओब्राद मागून म्हणाला, "गारपीट पुढच्या वर्षी झाली. त्या वर्षी नाही."

"पुढच्या वर्षी? पुढच्या वर्षी तर..."

"हात!!"

"ओब्राद, तू त्याला चेतवू नकोस! तुला बोलायचं असेल तर सरळ रस्त्यावर बोल, वळणावर नाही!" झिवाना म्हणाली. आणि गंमत म्हणजे तसंच झालं. वळण आलं की गाडीत चिडीचूप. रस्ता सरळ झाला की दोघे तावातावाने सुरू. भट्टीवरून बापाच्या घड्याळावर गेले, घड्याळावरून मिलेंकोच्या लग्नात हरवलेल्या मेंढीवर. त्या मेंढीचं काय झालं हे झिवानाला चाळीस वर्षांनी आज कळलं, आणि कळायला नको होतं.

खिंडीच्या अलीकडे पुढे लाकडं लादलेला एक ट्रक लागला. त्याच्या चाकांखालून चिखलाचं पाणी काचेवर येत होतं. तेवढ्यात मिलेंको कण्हला.

"काय झालं?" ओब्रादने विचारलं.

"तार तापतेय. बोटं भाजतायत."

"सोड मग!"

"सोडू कसा? आत्ता सोडलं तर आपण थेट त्या लाकडांत."

ओब्रादने एका हाताने केक धरला, दुसऱ्याने कोटाच्या खिशातून रुमाल काढला. इस्त्री केलेला, लग्नासाठीचा. म्हणजे हा सकाळपासून रुमाल खिशात घालून बसला होता तर! झिवानाने आरशात बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. ओब्रादने वाकून तो रुमाल भावाच्या हाताभोवती गुंडाळला, घाईघाईने, ओबडधोबड.

"घट्ट धर," तो म्हणाला. "आणि मूर्खासारखा भाजून घेऊ नकोस."

"हं," मिलेंको म्हणाला.

ट्रक बाजूला झाला. खिंड ओलांडली तसा पाऊस मंदावला, मग नुसती भुरभुर उरली, आणि खाली इवान्यित्साची छपरं दिसू लागली. झिवानाने गाडी कडेला घेतली, थांबवली आणि हात मांडीवर ठेवले.

"तो बोल्ट मी काढला," ती म्हणाली.

मिलेंकोने पकड सोडली.

"कुठला?" ओब्रादने विचारलं.

"तुझ्या हाताखाली आहे."

ओब्रादने मान तिरकी करून स्टँडच्या तळाकडे बघितलं. मग त्याचे खांदे हलू लागले. आधी झिवानाला वाटलं, हा रागाने थरथरतोय. पण ओब्राद हसत होता. पूर्वी हसायचा तसा, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी काढत.

"मिले," तो कसाबसा म्हणाला, "अरे मिले... मी अख्खा घाट तो बोल्ट मिठीत घेऊन बसलोय!"

"आणि मी?" मिलेंको सीटखालून गरजला. "मला इथे कोंबलं! माझे गुडघे बघा! माझी बोटं बघा! वहिनी, तू आम्हाला एकमेकांचे गळे धरू दिलेस आणि तोंडातून एक शब्द काढला नाहीस?"

"तुम्ही बोलत होता ना," झिवाना म्हणाली. "मला मध्ये पडवेना."

यावर दोघांनी मिळून तिला जे झाडलं ते सांगण्यासारखं नाही. ल्युबिसाव असता तर त्यालाही ऐकावं लागलं असतं. तिने निमूटपणे ऐकून घेतलं. मग मिलेंकोला सीटखालून बाहेर काढायचं काम निघालं. त्याचे पाय बधिर झाले होते. ओब्राद त्याला काखेत धरून ओढत होता आणि दोघेही तिला नावं ठेवत होते. एकाने अर्धं वाक्य टाकायचं, दुसऱ्याने पुरं करायचं.

चर्च गाठलंच नाही. हॉलच्या दारात मात्र बँडवाले तुताऱ्या फुंकत उभे होते, आणि ओब्रादची बायको दोब्रिला रिवाजाप्रमाणे पाहुण्यांच्या कोटांना रोझमेरीच्या काड्या टाचत होती. एकाच गाडीतून आपला दीर आणि आपला नवरा उतरताना बघून तिच्या हातातली टाचणी पाहुण्याच्या कोटातून आरपार गेली.

"हे काय?" तिने झिवानाला विचारलं. "कुणी मेलं का?"

"अर्थिंग गेलं होतं," झिवाना म्हणाली आणि केकमागोमाग आत गेली.

जेवण झालं. मटण झालं, कोबीच्या पानांत खिमा गुंडाळलेल्या सारमा झाल्या, टेबलांभोवती कोलोचा नाच दोन वेळा फिरला. केक कापला तेव्हा बहिणीने झिवानाला सगळ्यांसमोर मिठी मारली, आणि तियानाने बोटावरची क्रीम नवऱ्याच्या नाकाला लावली. टाळ्या झाल्या. झिवानाने दिरांसाठी दोन बशा भरून घेतल्या आणि सगळ्या टेबलांवरून नजर फिरवली. दोघेही नव्हते. रिकामं स्टँडही जागेवर नव्हतं.

ते बाहेर होते. पाऊस थांबला होता, अंगणातल्या डबक्यांवर ऊन पडलं होतं. गाडीचं बोनेट उघडं होतं आणि दोघांची डोकी त्याखाली. दोघांचेही कोट शेजारच्या कुंपणावर.

"बोल्ट बसवला," मिलेंकोने डोकं न काढता सांगितलं. "वायपर चालतात. पण बंद केले की मध्येच थांबतात, खाली येऊन निजत नाहीत. हा म्हणतो मोटरच्या आतला संपर्क खराब आहे."

"खराबच आहे," ओब्राद म्हणाला. "मी काय म्हणालो होतो? मोटर!"

"मोटर नाही! त्याला वेगळी वायर लागते, सतत विजेची. ती बघायला हवी."

"मीटर घरी राहिलाय."

"माझा बल्ब खिशात आहे. हात बाजूला घे."

"अरे, केक खा," झिवाना म्हणाली. "आत नाच चाललाय. बायका वाट बघतायत."

"वहिनी, आत बस जरा," ओब्राद म्हणाला. "मी सांगेन तेव्हा दांडा ओढ."

झिवानाने एकदा हॉलकडे बघितलं. तिथे तुतारीवाल्याने नवी धून धरली होती आणि तिला ती फार आवडायची. मग ती रेशमी पोशाख सावरून गाडीत बसली, दोन्ही बशा मांडीवर घेतल्या आणि मिलेंकोच्या वाट्यातला साखरेचा गुलाब तोंडात टाकला.

"ओढ!" ओब्राद ओरडला.

"अजून नको!" मिलेंको ओरडला.

तिने दांडा ओढला.